चालीत न बसलेली बाई

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत आमची एक गायन पार्टी होती. गाणी मी रचायचो आणि पेटीही मीच वाजवायचो. चौदा एप्रिलच्या जयंतीला गायचोच, पण कामाला लावतो म्हणून आमच्या भागातल्या पोरी नेऊन इटारसीच्या पुढे कुठे कुठे विकल्याच्या गोष्टी कानावर यायला लागल्या, तेव्हा त्यावरही गाणं करायचं ठरलं.

अशी विकली गेलेली एक बाई दोन वर्षांनी पळून परत आली होती. पांढुर्ण्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होती. दुपारच्या सुटीत मी गेलो, तर फाटकाशी भाकर खात बसलेली.

"नेणारा कसा होता?" मी विचारलं.

"नेनारा कुठला, भाऊ? बाई होती. आपल्यातलीच. मावशी म्हनो मी तिले. गाडीत माही वेनी घालून देल्ली तिनं." मग भाकरीकडे पाहत म्हणाली, "हे गान्यात टाकजा. बाईले कोनी भीत नाई."

टाकलं नाही. घरी पेटी उघडली तर ओळ आली ती अशी: काळा चष्मा, हातात घडी, पोरीले दावते रेलगाडी. बाई त्या चालीत बसेना, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे बसवून पाहिलीच नाही. आपल्यातलीच बाई गाण्यात आणली तर वस्ती रुसेल, कार्यक्रम मिळणार नाहीत, ही भीती. हे आजवर कोणाला सांगितलं नाही, घरीसुद्धा नाही.

सौंसरच्या बाजारात गाणं चाललं. ढोलकीवाला काळा चष्मा चढवून उभा राहिला की लोक ओरडत, "आला पाह्य, जवाई आला!" बाया पदर तोंडाला लावून हसत.

दिवाळीच्या तोंडावर लोधीखेड्याकडची एक आई तिथेच आमच्यासमोर येऊन उभी राहिली. सोळा वर्षांची पोरगी संत्रे तोडायला म्हणून गेली, महिना झाला, पत्ता नाही.

"एकटी काऊन धाडली, बाई?" ढोलकीवाल्यानं विचारलं.

"एकटी कुठं? पयले एक मानूस आलता, त्याले नाई म्हटलं. तुमचं गानं आयकलं होतं ना. मंग बाई आली, तिच्यासंगं धाडली."

मी पेटीचा भाता बंद केला. जिनिंगच्या फाटकाशी काय ऐकलं होतं ते सांगायची वेळ हीच होती. मी भात्याची कडी लावत बसलो.

"भाऊ, आता गान्यात बाई टाका," ती म्हणाली.

टाकली. तिथंच, उभ्या उभ्या. बसली चालीत.

पोलिसात गेलो, पांढुर्ण्याच्या स्टेशनवर हमालांना विचारलं. पोरगी मिळाली नाही. ती आई मात्र जवळपास कुठेही आमचा कार्यक्रम असला की पुढे येऊन बसायची. नवी ओळ आली की शेजारच्या बायांना सांगायची, "मीनंच सांगतलं भाऊले. त्यायले कुठं मालूम होतं, बाई असते म्हून."

मी ऐकायचो, आणि पुढचं कडवं उचलायचो.