निर्माता हयात नाही

मी वारल्याची बातमी मला फोनवरून कळली. पलीकडचा माणूस आधी घसा साफ करत राहिला, मग म्हणाला, “सरांच्या घरचं कोण बोलतंय? सर गेल्याचं समजलं. लई वाईट वाटलं.”

“कोणते सर?”

त्याने माझे नाव घेतले.

“मीच बोलतो आहे.”

“सर, तुमी हाय?”

“आहे.”

“मग त्या लोकांनी असं कसं लिवलं?”

हा माझा जुना विद्यार्थी. वेल्ह्याच्या पुढे डोंगरात त्याचे गाव. शाळेसाठी तो भोरला मामाकडे राहत असे. मी भोरमध्ये गणित शिकवीत होतो आणि संध्याकाळी, एका किराणा दुकानावरच्या खोलीत, संगणकाचा वर्ग चालवीत होतो. त्या काळी घरगुती संगणक टीव्हीला जोडावा लागे आणि त्यात काहीही चढवायचे असले तर साध्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावावी लागे. मुलांनी वर्गाला यावे म्हणून मी एक खेळ तयार केला. नाव ‘पूर’. वरून पाणी येत राहते आणि धरणाचे दरवाजे खेळणाऱ्याच्या हाती असतात. लवकर उघडले तर खालची गावे बुडतात, उशीर केला तर धरण फुटते. त्याच्या कॅसेट मी स्वतः भरल्या, वेष्टन भोरच्याच एका छापखान्यात छापून घेतले आणि त्यावर किंमत घातली, तीस रुपये. वर्ग बंद झाला तेव्हा त्यातला एक संगणक या विद्यार्थ्याने विकत घेतला. पुढे निवृत्तीनंतर मी पुण्याला मुलाकडे गेलो. दोन वर्षांपूर्वी भोरला परत आलो, तेही कोणाला कळवले नाही. त्यामुळे मी असल्याची वेल्ह्यात कोणाला कल्पना नव्हती.

आज त्याचे वेल्ह्याला तहसील कचेरीच्या समोर दाखले काढून देण्याचे दुकान आहे. संगणक अजून त्याच्याकडे आहे. त्याची ‘पूर’ची कॅसेट उंदरांनी खाल्ली. जुन्या खेळांचे ऑनलाइन लिलाव करणाऱ्या एका संकेतस्थळावर त्याला ‘पूर’ दिसला. खाली लिहिले होते : अतिदुर्मिळ, एकमेव ज्ञात प्रत, निर्माता हयात नाही. त्याने बोली लावली. कोणीतरी त्याच्यावर लावली. याने पुन्हा लावली. शेवटी एकेचाळीस हजार रुपयांना लिलाव याच्या नावावर सुटला आणि पैसे भरायला आठवड्याची मुदत मिळाली. मग दुःख व्यक्त करावे म्हणून त्याने किराणा दुकानातून माझ्या घरचा क्रमांक मिळवला.

“एवढे पैसे कुठून आणलेस?”

“दुकानाचा पत्रा बदलायला ठेवलेलं, सर.”

“मूर्ख आहेस.”

“व्हय, सर.”

त्याने लिलावाचे पान माझ्या मोबाईलवर पाठवले. मी ते बारकाईने वाचले. माझ्या मृत्यूबद्दल मला फारसे वाटले नाही; या वयात ती बातमी थोडी आगाऊ एवढेच. पण माझ्या मरणाने कोणी भाव वाढवीत होते, हे मात्र मला सहन झाले नाही. शिवाय ‘एकमेव ज्ञात प्रत’ ही थाप होती. माझ्या कपाटात बिस्किटांच्या डब्यात न विकलेल्या प्रती पडून आहेत.

पान पुढे वाचत गेलो तसे आणखी दिसले. विद्यार्थ्याच्या विरुद्ध बोली लावणारा एकच होता. त्याचे नाव अर्धे तारकांनी झाकलेले. तो त्या संकेतस्थळावर नुकताच आलेला, आणि आजवर त्याने ज्या ज्या वस्तूंवर बोली लावली त्या सगळ्या या एकाच विक्रेत्याच्या. एकही वस्तू त्याने विकत घेतलेली नाही. तो नेहमी थोडक्यात हरतो. विद्यार्थी बोलला की मिनिटाभरात तो थोडे वर जाई. विद्यार्थी थांबला की तोही थांबे आणि शेवटची बोली मागे घेई, म्हणजे विद्यार्थीच वर राही. ज्याला वस्तू हवी आहे तो असा वागत नाही. ज्याला वस्तू खपवायची आहे तो असा वागतो.

त्याच विक्रेत्याचे जुने व्यवहारही पाहिले. ‘पूर’ त्याने याआधी दोनदा ‘विकला’ होता, दोन्ही वेळा मोठ्या किमतीला, आणि तिन्ही छायाचित्रांत वेष्टनाच्या डाव्या कोपऱ्यात तोच शाईचा डाग होता. एकच कॅसेट. पहिल्या दोन विक्र्या झाल्याच नव्हत्या. त्या केवळ भाव दाखवण्यासाठी होत्या. खाली कोणी रसिकाने लिहिले होते की या खेळाचा बाजारभाव आता चाळीस हजारांच्या आसपास स्थिर झाला आहे. तीस रुपयांच्या कॅसेटचा बाजारभाव. बाजार कुठे होता? एक माणूस दोन नावांनी स्वतःशीच बोलत होता, आणि तिसरा, खरा, वेल्ह्यात गळक्या पत्र्याखाली बसून ऐकत होता.

मी विद्यार्थ्याला फोन करून हे सगळे सांगितले. तो म्हणाला, “तरी बोली म्या बोललोय, सर.”

फोनवर हे सुटणार नाही हे मला कळले. दुसऱ्या दिवशी डबा पिशवीत घालून एसटीने निघालो. चेलाडीला गाडी बदलली. मार्गासनीला भाताची पोती चढवण्यासाठी गाडी इतका वेळ थांबली की मी वाहकाला बोललो. त्याने ऐकून घेतले आणि पोती चढवली.

दुकान एका माणसाला पुरेल एवढे. पत्र्याला तीन ठिकाणी डांबर लावलेले, संगणकावर प्लास्टिकचा कागद. विद्यार्थी पन्नाशीचा झाला आहे, तरी मला पाहून वर्गात उभा राहत असे तसाच उभा राहिला. त्याची बायको मागच्या खोलीतून चहा घेऊन आली. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

“हेच का ते मेलेले सर?”

“अगं, गप.”

“गप का? सर, तुमीच सांगा ह्यांना. मेलेल्या मास्तराची म्हणून घेतली न्हवं? आता मास्तर जिता हाय, तर सौदा मोडला म्हणावं. पावसात ह्यो पत्रा काय सर धरून उभं राहणार हायत?”

“बाई बरोबर बोलत आहेत,” मी म्हणालो.

मी डबा उघडून टेबलावर ठेवला. त्याने आत पाहिले, पण हात लावला नाही.

“ह्या सगळ्या ‘पूर’च्या?”

“सगळ्या. हवी ती उचल. ते पैसे भरायचे नाहीत.”

“सर, ही कॅसेट निराळी आन् ती बोली निराळी.”

“ती फसवणूक आहे. तुला पान दाखवले. डाग दाखवला.”

“दिसला डाग. पर समजा त्यो दुसरा माणूस खरंच असला तर? एखादा निस्ता हौशी. मग माझ्या बोलीपायी त्याची वस्तू गेली, आन् मी मागं फिरलो. सर, आमच्यात बोली मोडणाऱ्याला लोक काय म्हणत्यात, तुमाला ठाव न्हाई.”

मला ठाऊक होते. त्यांच्या गावच्या यात्रेत देवापुढच्या नारळाचा लिलाव होतो. नारळाची किंमत कोणी विचारीत नाही. बोली चढते ती मानासाठी. जो बोलला तो भरतो. याच्या आजोबाने एका साली बोललेली रक्कम पुढच्या दोन सुगींत फेडली, आणि ते घरात अजून अभिमानाने सांगतात. ऑनलाइन लिलावालाही त्याने तीच रीत लावली होती. आपल्या गावची नीतिमत्ता संगणकाच्या पडद्याला लागू होते असे धरून चालणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मला त्याचा राग आला. त्याच्यासारखा माणूस सापडतो म्हणूनच त्या विक्रेत्याचे दुकान चालते, याचा त्याहून जास्त आला.

टेबलाच्या कडेला एक नारळ होता, सोललेला, शेंडी ठेवलेला, वर्तमानपत्रात अर्धा गुंडाळलेला.

“हा कशाला?”

“त्या दुसऱ्या माणसाला धाडायचाय.”

बायको म्हणाली, “ऐका! घ्या!”

त्याने शांतपणे समजावले. यात्रेत जो जिंकतो तो नारळ फोडून निम्मा शेवटपर्यंत टिकलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या हातात देतो. त्याला पडत्या बोलीचा नारळ म्हणतात. तो दिल्याशिवाय लिलाव पुरा होत नाही, नाहीतर वर्षभर मनात अढी राहते. फोडलेला टपालाने कुजेल, म्हणून हा अख्खा. विक्रेत्याला त्याने दोनदा पत्ता मागितला होता. उत्तर नव्हते.

“फोन लाव,” मी म्हणालो. “माझ्यासमोर माग.”

त्याने फोन लावून आवाज मोठा केला. पलीकडे तरुण, गोड आवाज.

“हो सर, बोला सर, पेमेंट झालं का?”

“करतो. त्या दुसऱ्या पावण्यांचा पत्ता पायजे हुता. नारळ धाडायचाय.”

“नारळ?”

“आमची रीत हाय.”

“सर, पत्ता नाही देता येत. प्रायव्हसी असते ना.”

“बरं. मग माझा नंबर त्यांना द्या. त्यांनी निस्तं ‘पावला’ म्हणावं, म्हंजे झालं.”

“हो, हो, झालं की. ते म्हणाले, पावला. खूश आहेत ते. तुम्ही पेमेंट करून टाका.”

“कवा म्हणाले?”

“आत्ताच, सर.”

“आत्ता तर तुमी माझ्याशी बोलताय.”

विद्यार्थी फोनकडे पाहत राहिला. त्याचा चेहरा मी वर्गात कधी पाहिला नव्हता तसा झाला. डागाने जे झाले नव्हते ते या एका वाक्याने झाले. ज्याचा मान राखायला तो स्वतःचे छप्पर देत होता, तो माणूस नव्हताच.

मी फोन घेतला. मी कोण ते सांगितले. हयात आहे हेही सांगितले.

“सर! काय सांगता! अहो, हे तर फारच छान झालं,” तो म्हणाला. “तुम्ही वेष्टनावर सही कराल का? सहीच्या प्रतीला दुप्पट जाईल. आपण दोघं मिळून—”

मी काय बोललो ते येथे लिहिण्यासारखे नाही. वेल्ह्याच्या बाजारातली दोन-चार माणसे दाराशी येऊन उभी राहिली एवढे सांगतो. तो शेवटी म्हणाला, मुदतीत पैसे आले नाहीत तर तक्रार करीन, आणि फोन ठेवला.

विद्यार्थ्याने नारळाचा कागद काढला आणि नारळ बायकोच्या हातात दिला. “खवून टाक.” ती तो घेऊन आत गेली. त्याने डब्यातली एक कॅसेट उचलली, ड्रॉवरमधून तीस रुपये काढून माझ्यासमोर ठेवले. मी घेतले. छापील किंमत होती.

जुना संगणक त्याने टीव्हीला जोडला. पहिली कॅसेट बुरशीने गेली होती, दुसरीही. तिसरी चढली. पहिल्याच पुरात त्याने खालची चारही गावे बुडवली.

“दरवाजे लवकर उघडलेस.”

“व्हय, सर.”

पैसे त्याने भरले नाहीत. नंतरचे थोडक्यात सांगतो. माझ्याविषयीचा मजकूर काढावा म्हणून मी संकेतस्थळाला लिहिले. उत्तर यंत्राने दिले : निर्मात्याच्या निधनाविषयीच्या माहितीत बदल हवा असल्यास मृत्यूचा दाखला जोडावा. विद्यार्थी दररोज निवृत्तांचे हयातीचे दाखले काढतो. त्याने माझा अंगठा यंत्रावर ठेवून माझाही काढला आणि आम्ही तो जोडला. त्याला उत्तर आले नाही. ‘पूर’ पुन्हा लिलावात लागला. डाग तोच. निर्माता अजून हयात नाही. तारका लावलेला माणूस पुन्हा बोली लावतो आहे, आणि समोर या वेळी कोण बसले आहे ते मला दिसत नाही. मी माझ्या प्रती तीस रुपयांना तिथे लावल्या. संशयास्पद किमतीमुळे त्या काढून टाकण्यात आल्या.

त्या विक्रेत्याच्या नावापुढे पाच तारे आहेत. माझ्या विद्यार्थ्याच्या नावापुढे तांबडी पट्टी आली, सगळ्यांना दिसेल अशी : ‘बोली न पाळणारा ग्राहक’. त्याने मला ती दाखवली तेव्हा आवाज खाली आणला, दुकानात दुसरे कोणी नव्हते तरी.

“सर, ही पट्टी गावात कुणाला दिसंल का हो?”

“तुझ्या गावातून त्या संकेतस्थळावर कोण जाते?”

“पोरं जात्यात आता. मोबाईलवर.”

“तू मोडली नाहीस. तिथे बोली नव्हतीच.”

“ते तुमाला ठाव, मला ठाव.” तो पडदा बंद करीत म्हणाला. “तुमी हे कुठं लिवलं तर माझं नाव घालू नका.”

मी घातलेले नाही.