वन्सं, पानं वाढलीत

त्या गायकाचा रॉकचा शो मला कधीच झेपला नाही. दुसऱ्या गाण्यालाच माझं डोकं उठतं. पण दरवर्षी देवासच्या मैदानावर दुपारी चार वाजता तो माइक तपासायला येतो, तेव्हा मी मुद्दाम जाऊन शेवटच्या रांगेत बसते.

साठी उलटून गेलीय, तरी चामड्याचं काळं जाकीट उन्हातही अंगावरच. धारपासून राजगढपर्यंत चाळीस वर्षं हिंदी रॉक गातोय. बाकीचे गायक माइकवर ‘हॅलो, हॅलो’ करतात. हा डोळे मिटून, एक कान दाबून खणखणीत हाक मारतो, "वन्सं, पानं वाढलीत, या!" मग मान तिरकी करून थोडा थांबतो आणि साउंडवाल्याला इथल्या हिंदीत सांगतो, "भिया, आवाज थोड़ा और खोल."

एवढा बाप्या माणूस नणंदेला जेवायला बोलावतो, हे काय? गेल्या वर्षी मी विचारलंच.

"आई आमच्या आत्याला अशी हाक मारायची, ताई. मळ्याच्या त्या टोकाला ऐकू जायची. आता घरात मुलं, सुना सगळे हिंदीच बोलतात. तिथे कुणाला मारू ही हाक?"

"आणि मग थांबता कशाला?"

"आत्या ओ द्यायची ना!" असं म्हणून तो गिटारच्या खुंट्या पिळायला लागला.

यंदा त्याने हाक मारली, मान तिरकी केली, आणि मी खुर्चीतूनच ओरडले, "आले हो, वहिनी!"

त्याने डोळे उघडून शेवटच्या रांगेकडे पाहिलं. साउंडवाल्याने बटणाकडे हात नेला, तसा तो म्हणाला, "बस भिया, अब कुछ मत छेड़ना."