बोलता येईल इतकाच वेग

मामाच्या पोटऱ्या पैलवानासारख्या होत्या. नवखा माणूस त्या बघून विचारायचा, "तालमीत जाता का?" आणि याच मामाला जमिनीवरून उठायचं असलं की आधी हातापायांवर ओणवं व्हायचं, मग हात गुडघ्यावर, मग मांडीवर, असं स्वतःच्याच अंगावर चढत उभं राहावं लागायचं. स्नायूंचा आजार. आईच्या माहेरी तो पिढीजात होता. आजीचा भाऊ त्यातच गेला.

काळाचौकीच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची एक खोली. वडील लवकर गेले, म्हणून आई मला घेऊन माहेरीच राहिलेली. गिरणी बंद पडल्यापासून आजोबा जे गप्प झाले ते जाईपर्यंत गप्पच. आई शिवाजी पार्कला तीन घरी पोळ्या लाटायची, मामा खाटेवर बसून साड्यांना फॉल लावायचा. "बस विजू, हलू नको. आहे ती ताकद पुरवून वापर," हे आईचं रोजचं. पाण्याचा तांब्यासुद्धा ती त्याच्या हातात आणून द्यायची. शेजारपाजारचेही तसेच. सगळ्यांनी मिळून मामाला प्रेमाने बसवून ठेवलं होतं.

तो खाली उतरायचा वर्षातून एकदा, बुद्धपौर्णिमेला. चाळीतली चार मुलं त्याला खुर्चीसकट उचलून विहारात न्यायची. "राजाची स्वारी आली!" असं कोणी ओरडलं की सगळे हसायचे. मामा मला हळूच म्हणायचा, "मयत पण अशीच नेतात, बाय. मला बसवून नेतात, एवढाच फरक."

मी कॉलेजात गेले आणि पहिलं काम केलं ते मामाला परळच्या इस्पितळात दाखवायचं. त्यांनी आधी छाती तपासली, मग फिजिओथेरपीच्या मॅडमनी सायकल सांगितली, जागेवरच फिरणारी, अगदी हलकी. "आजार जाणार नाही," त्या स्पष्ट म्हणाल्या. "पण बसून बसून गेलेली ताकद थोडी परत येईल." आई पोळ्या करायची त्यांतल्या एका घरच्या आजी-आजोबांकडे तशी सायकल होती. ते तिच्यावर टॉवेल वाळत घालत. त्यांनी ती देऊन टाकली.

आणि मामाने घोळ केला. आम्ही दोघी बाहेर गेल्यावर त्याने दार लावून घेतलं, कोणी बघू नये म्हणून, आणि दात आवळून तासभर सायकल मारली. दुसऱ्या दिवशी त्याला कुशीवरही वळता येईना. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट. चार दिवस इस्पितळात काढावे लागले. आईने सायकलवर गोधड्या रचल्या आणि मला म्हणाली, "माझ्या भावाच्या जिवावर उठलीस तू, कॉलेजवाली!"

मॅडमनी मामाला विचारलं, "सायकल मारताना कोणाशी बोलत होतात?"

"एकटाच होतो."

"मग कळणार कसं? पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दम लागून वाक्य तुटलं की वेग कमी करायचा. आता महिनाभर विश्रांती. मग दहा मिनिटं, तीही कोणीतरी समोर असताना."

समोर स्टूल टाकून मी बसायचं, या अटीवर आईने गोधड्या उचलल्या. पण रोज बोलणार काय? शेवटी मामाने माझी इतिहासाची वही हँडलला कपड्यांच्या चिमट्याने लावली आणि मोठ्याने वाचायला लागला. त्याचा व्यायाम, माझा अभ्यास. वाक्य मध्येच तुटलं की मी म्हणायची, "मामा, हळू." तो म्हणायचा, "मी नाय दमलो, तुझा इतिहासच दमवतोय." दहाची पंधरा मिनिटं झाली, वर्षभराने अर्धा तास. एक दिवसाआड, जास्त नाही. आमच्या सगळ्या खानदानात कॉलेज पास झालेली पहिली मी. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. आणि निम्मा अभ्यास मामाच्या तोंडून झाला, हेही सांगते.

पदवीच्या समारंभाच्या दिवशी मुलं खुर्ची घेऊन आली. मामा म्हणाला, "खुर्चीवर तुम्ही बसा." चौतीस पायऱ्या. मी त्याच्यापुढे उलटी उतरत होते, तो कठडा धरून. दारादारांत माणसं उभी. "गप्प राहू नको रे विजू, बोल!" आई वरून ओरडली. आणि मामा बोलत राहिला. कोणाच्या दाराचा रंग उडालाय, कोणाची तुळस वाळलीये. वीस मिनिटं लागली. एकही वाक्य तुटलं नाही. परत चढताना त्याने मुलांचे खांदे घेतले, त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. उतरायचं मात्र आपलं आपण.

पुढे मला नाशिकला नोकरी लागली. संध्याकाळी त्याचा फोन यायचा, "बोल बाय, चालू केलीये." सुरुवातीला मी अर्धा अर्धा तास बोलले. मग "मामा, मीटिंग आहे" सुरू झालं. तो लगेच "बरं बरं" म्हणून ठेवायचा. चाळीतली माणसं कामाला गेलेली, आई पोळ्यांना. मी धरून चालले, त्या दिवशी तो सायकल मारत नसेल.

गेल्या हिवाळ्यात छातीनेच दगा दिला. हृदयही स्नायूच, मॅडमनी सांगितलं होतंच. मी पोचले तेव्हा हँडलला माझी जुनी वही तशीच होती, पानं हाताळून मऊ पडलेली. समोर माझं स्टूल. आई म्हणाली, "तुझा फोन लागला नाय की स्टुलाकडे बघून वाचायचा. मीच कधी लवकर आले की दाराबाहेर थांबायची. ऐकायला बरं वाटायचं." मी त्या स्टुलावर बसले. खोलीत कोणीच काही वाचत नव्हतं.

मग ती चार मुलं आली. आता त्यांचेही केस पिकायला लागलेत. समारंभाच्या त्या दिवसानंतर सहा वर्षं मामा दर बुद्धपौर्णिमेला चौतीस पायऱ्या स्वतःच्या पायांनी उतरला. त्यानंतर खाली न्यायला त्याला उचलावं लागलं, ते हे एकदाच.