उजव्या शिवणीत आतून खिसा

माझं ठाम मत आहे की कायदे करायला मुंबई-दिल्लीत एवढी माणसं बसवायची काहीएक गरज नाही. आमच्या मुरुमच्या हायस्कूलच्या पर्यवेक्षिका मॅडमना एक लाल पेन, दोन ताव कागद आणि एक रिकामी दुपार द्यावी. देश पुढची शंभर वर्षं रांगेत, डाव्या बाजूनं, न बोलता चालेल. फक्त त्या देशात मी राहणार नाही. मी कापड बेतणारा साधा शिंपीकाम करणारा माणूस. बाजारपेठेत माझं दुकान आहे आणि शाळेचे गणवेश मी शिवतो. शिवाय माझी मुलगी सना त्याच शाळेत शिकत होती. म्हणजे मॅडमच्या तावडीत मी दोन्हीकडून सापडलो होतो. इतर पालकांना त्यांचा त्रास एकेरी शिलाईसारखा व्हायचा, मला दुहेरी.

जून उजाडला, की मॅडमच्या सत्रारंभाच्या सूचना यायच्या. आधी मोबाइलवर पालकांच्या गटात, मग मोबाइलवर विश्वास नसल्यामुळे कागदावर, आणि कागदावरही विश्वास नसल्यामुळे खाली कापून परत द्यायच्या पोचपावतीसह. सूचना एकूण एकतीस. त्यात शाळेच्या बातम्याही असत, पण मॅडमच्या हाती पडलेली बातमीसुद्धा दोन ओळींत नियम होऊन जायची. 'प्रयोगशाळेस नवीन टेबल मिळाले आहे' एवढी आनंदाची गोष्ट सांगून लगेच पुढं, 'त्यावर बसू नये.' पावसाळ्याची सूचना तर मला आजही पाठ आहे. छत्री आणावी. छत्रीवर नाव लिहावे. नाव आतील बाजूस लिहावे. छत्री फाटकी असल्यास फाटक्या भागावर लिहू नये. वेणीची रिबन काळी असावी, चॉकलेटी म्हणजे काळी नव्हे. आणि सगळ्यात शेवटी, सही पालकांनीच करावी. सही पाल्याच्या अक्षरासारखी दिसल्यास पालकांस बोलावले जाईल.

आता सनाला अक्षर वळवायला मीच शिकवलेलं. तिचं आणि माझं अक्षर एका कापडातून काढल्यासारखं. दुसऱ्याच दिवशी मला बोलावणं आलं. मॅडम उंचीला जेमतेम माझ्या दुकानात कुडता घालून ठेवलेल्या पुतळ्याएवढ्या, पण खुर्चीत बसल्या की खोली लहान वाटायची. त्यांनी माझ्यापुढं कोरा कागद ठेवला आणि म्हणाल्या, "टेलर मास्तर, तीन वेळा सही करा." मी केली. त्यांनी तिन्ही सह्या खिडकीच्या उजेडात धरून बघितल्या आणि म्हणाल्या, "ठीक. पण दुसरी घाईत केलीत."

गटावर तर त्यांचं राज्यच. एका मुलीच्या आजोबानं सकाळी सकाळी गुलाबाच्या फुलाचं चित्र टाकलं. मॅडमनी लिहिलं, 'या गटात फुले टाकू नयेत. शाळेच्या बागेत लावावीत.' म्हातारा बिचारा चौथ्या दिवशी रोप घेऊन फाटकाशी हजर. शेतकरी बापांना एवढं सगळं वाचायला पेरणीच्या दिवसांत सवड कुठली! ते खाली नुसता अंगठा दाखवून मोकळे व्हायचे. पालक सभेत मॅडमनी त्यांना एकेकाला उभं केलं. सहा फुटी, पंचवीस एकराचा धनी असलेला एक बागायतदार पाचवीतल्या पोरासारखा हात मागं बांधून उभा. "सूचना क्रमांक चौदा काय आहे?"

"आमी रानात व्हतो ओ मॅडम. वाचायचं न्हाय झालं. अंगठा दिला की."

"अंगठा म्हणजे सही नव्हे. सातबारावर अशी सही करता का?"

पुढच्या वेळेपासून तो गडी पूर्ण नाव लिहायचा, वडिलांच्या नावासकट.

माझ्या दुकानाच्या पाटीवर 'शाळेचे गणवेश मीळतील' असं पेंटरनं लिहिलं होतं. सात वर्षं ती पाटी तशीच होती आणि सात वर्षं लोकांना गणवेश मिळत होते. मॅडम एकदा रस्त्यानं चालल्या होत्या. त्या थांबल्या नाहीत, बोलल्या नाहीत. घरी पोचल्यावर त्यांनी मोबाइलवर निरोप धाडला, 'मिळतील. मि पहिली.' मी दुर्लक्ष केलं. तर रोज दुपारी बरोबर एक वाजता तोच निरोप. बाराव्या दिवशी मी पेंटरला बोलावलं.

अशा बाईनं सना नववीत गेली त्या जूनमध्ये जो घाव घातला, तो मात्र थेट माझ्या पोटावर होता. मे महिनाभर मी आणि माझी दोन माणसं घामानं निथळत गणवेश शिवत होतो. मुलींचे कुडते शिवून, काज-बटण होऊन, इस्तरी करून निम्मेअधिक घरोघर गेलेसुद्धा. शाळा सोमवारी उघडणार, आणि शुक्रवारी सूचना आली. सतरावी ओळ नवीन होती. 'मुलींच्या कुडत्यास उजव्या शिवणीत आतून खिसा असावा. खोली सात इंच. तोंड बाहेरून दिसू नये. कारण विचारू नये.'

तासाभरात दुकानासमोर बाया जमल्या. प्रत्येकीच्या हातात मी शिवलेला कुडता. "आता ह्याला खिसा कुठून काढावा ओ मास्तर?" "लई झालं बघा ह्या मॅडमचं!" सीमेकडच्या गावातून आलेल्या एका आजीनं कानडीतून जे काही सुनावलं त्यातलं मला मॅडम आणि मास्तर एवढेच दोन शब्द कळले, पण सूर पूर्ण कळला. मी गळ्यातली टेप न काढताच उठलो आणि तडक शाळेत गेलो.

मॅडम हजेरीपट उघडून बसल्या होत्या. गेल्या वर्षीचा. त्यात लाल पेनानं बारीक बारीक गोल केलेले दिसत होते.

"मॅडम, ही सतरावी सूचना," मी म्हणालो.

"स्पष्ट आहे."

"स्पष्ट आहे हो, पण कापड आणू कुठून?"

"खिसा आत असतो मास्तर. कोणत्याही रंगाचं चालेल."

"पण खिसा कशाला? पेन कंपासपेटीत, रुमाल कमरेला, मोबाइल तुमच्याच पाचव्या सूचनेनं बंद. मुलींना खिशात ठेवायला असतं काय?"

एरवी ह्या बाईंना उत्तर शोधावं लागत नाही, ते जिभेवरच रांगेत उभं असतं. त्या दिवशी त्यांनी आधी लाल पेनाला टोपण घातलं. हजेरीपट मिटला, त्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "नियमाला कारण विचारायचं नसतं. शिवता येत नसेल तर सांगा."

हे मला झोंबलं. तीस वर्षं मशीन चालवणाऱ्याला शिवता येत नसेल तर सांगा! मी घरी आलो तो कढतच. जेवायला बसलो आणि भाकरी मोडण्याआधी मॅडमना मोडायला सुरुवात केली. ही बाई माथेफिरू आहे, उद्या म्हणेल कुडत्याला शेपूट लावा, खिसा म्हणे, आणि वर कारण विचारू नये! समोर सना जेवत होती. ती मान खाली घालून उठली आणि ताट तसंच टाकून आतल्या खोलीत गेली.

"हिला काय झालं?" मी विचारलं.

सनाच्या अम्मीनं माझ्याकडं असं बघितलं, की मला माझं वय कमी वाटायला लागलं. "आयुष्यभर बायांचे कपडे शिवताय," ती हळू आवाजात म्हणाली, "आणि मुलीला खिसा कशाला लागतो, हे तुम्हाला दुसऱ्यानं सांगायचं?"

मग तिनं सांगितलं. मुलींची मुतारी मैदानाच्या पार पलीकडं. तिथं जायचं तर मुलांच्या वर्गांवरून जावं लागतं. त्या चार दिवसांत हातात काही घेऊन निघावं तर सगळ्यांना दिसतं, आणि दप्तर घेऊन निघावं तर सगळ्यांना कळतं. आठवीत एकदा सनाच्या हातातून कागदात गुंडाळलेलं ते व्हरांड्यातच पडलं. मुलं हसली. त्यानंतर दर महिन्याला तिचं पोट दुखायला लागलं. तीन-तीन दिवस शाळा बुडायची. सहामाहीचा विज्ञानाचा पेपर त्यातच बुडला. त्या पेपरवरून मी तिला काय काय बोललो होतो ते मला आठवलं आणि हातातला घास मी ताटात परत ठेवला.

"एकटी सनाच नव्हे," तिची अम्मी म्हणाली. "मॅडमनी हजेरीपट बघितला. कुठल्या मुली दर महिन्याला ठरावीक दिवशी गैरहजर असतात ते शोधून काढलं. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी सगळ्या मुलींना ग्रंथालयात बसवलं, दारं-खिडक्या लावल्या आणि म्हणाल्या, का येत नाही ते चिठ्ठीवर लिहा. नाव घालू नका."

नाव घालू नका! छत्रीच्या पोटातसुद्धा नाव मागणारी बाई, आणि तिनं बिननावाच्या चिठ्ठ्या मागितल्या. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की ह्या बाईला आपण नीट मापलेलंच नाही.

शनिवार-रविवार दुकान बंद ठेवून आतून चालू ठेवलं. गेलेले कुडते परत मागवले, उजवी शिवण उसवली आणि खिसे बसवले. गणवेशाचं कापड नव्हतंच, म्हणून हाताला लागेल ते अस्तर वापरलं. कुणाचा खिसा आतून पिवळा, कुणाचा जांभळा, कुणाचा कुणाच्या तरी लग्नातल्या ब्लाऊजच्या उरलेल्या तुकड्याचा. सनाचा खिसा मी सगळ्यात शेवटी शिवला. सात इंच सांगितलं होतं, मी साडेसात केला. तिला काही बोललो नाही. ती मशीनजवळ येऊन उभी राहिली, खिशात हात घालून बघितला आणि म्हणाली, "अब्बा, दिसत नाही बाहेरून." मी म्हणालो, "दिसायलाच नको."

पण गोष्ट एवढ्यावर मिटली नाही. गटावर बापमंडळी पेटली. 'आमच्या मुलीला खिसा नको. आज खिसा आला, उद्या त्यात मोबाइल येईल.' त्याखाली अंगठ्यांची ही रांग. एकानं लिहिलं, असल्या शाळेत पोरगी ठेवण्यापेक्षा दाखला काढून घरी बसवतो. आणि ते नुसतं लिहिण्यापुरतं नव्हतं. पहिल्या आठवड्यातल्या पालक सभेला तो गडी दाखल्याचा अर्ज घेऊनच आला.

"कारण सांगा, मग बघू," तो उभा राहून म्हणाला. "पोरींना खिसा कशापायी?"

मागच्या भिंतीशी मुली पाण्याचे पेले घेऊन उभ्या होत्या. सना त्यांच्यात होती. मॅडमनी त्यांच्याकडं बघितलं, मग बापांकडं बघितलं. मला लख्ख समजलं, की कारण सांगितलं तर ते कारण उद्यापासून बाजारभर ह्या पोरींच्या मागं फिरेल. नाही सांगितलं तर नियम जाईल आणि दोन-चार पोरी शाळेतून जातील. एकतीस सूचना लिहिणाऱ्या मॅडमना एक वाक्य सुचेना. त्यांनी टेबलावरचा खडू उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

मी कधी उभा राहिलो ते मला कळलं नाही. "नियम आहे," मी म्हणालो. "नियमाला कारण विचारायचं नसतं."

सगळे वळून बघायला लागले. खिशापायी सगळ्यात जास्त बोंब मीच मारली होती हे सगळ्यांना ठाऊक.

"मास्तर, तुमी तरी..."

"माझ्या सनाच्या कुडत्याला खिसा आहे. मी बाप आहे, मी शिवलाय. तुमच्या मुलींचेही मीच शिवलेत, आणि माझी शिवण उसवून मिळणार नाही. मोबाइलची भीती असंल तर रोज घरी खिसा झाडून बघा, पण दाखला काढू नका. आणि एवढं करूनही कारण पाहिजे असंल, तर घरी जाऊन मालकिणीला विचारा. हळू आवाजात विचारा."

बायांच्या बाजूनं कुणीतरी खुदकन हसलं, मग दुसरी हसली. "बसा की आता खाली," एका बाईनं आपल्या नवऱ्याला पदरामागून सुनावलं. अर्ज आणलेल्या गड्यानं बायकोकडं बघितलं, तिनं त्याच्याकडं बघितलं, आणि तो हळूहळू खाली बसला. अर्ज त्यानं घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

मॅडमचा आवाज परत आला. "मास्तर," त्या म्हणाल्या, "परवानगी न घेता बोललात. खाली बसा."

मी बसलो. आभार मानणं त्यांच्या एकतीस सूचनांत कुठं बसत नसावं.

त्या वर्षी कुणाचाही दाखला निघाला नाही. सनाची नववी झाली, दहावी झाली. दहावीच्या निकालाच्या कागदापेक्षा तिचं हजेरीचं पान मी जास्त वेळ बघितलं. आता ती बसनं उमरग्याला कॉलेजला जाते. ती बसमध्ये चढायला लागली त्याच आठवड्यात, एका दुपारी कुडता कापत असताना मोबाइल वाजला. बघतो तर, 'पर्यवेक्षिका मॅडमनी तुम्हाला गटातून काढलं आहे.'

खरं तर मी सुटलो होतो. सही नको, सभा नको, छत्री नको. पण कात्री खाली ठेवली आणि त्यांना फोन लावला.

"मॅडम, मी अजून गणवेश शिवतो. मला ठेवा की गटात."

"पाल्य उत्तीर्ण झाल्यावर पालकांस कमी करण्यात येते," त्या म्हणाल्या. "सर्वांना सारखा नियम."

"व्हय मॅडम," मी म्हणालो, पण फोन ठेवला नाही. त्यांनीही ठेवला नाही. पलीकडं शाळा सुटल्यावरची शांतता होती, कुठंतरी बाक सरकवल्याचा आवाज आला.

"मास्तर," मॅडम म्हणाल्या, "सना कॉलेजात जाते ना?"

"जाते मॅडम."

"रोज?"

"रोज जाते."

"बरं," त्या म्हणाल्या. आणि मग, मला वाटतं, तिच्या कॉलेजच्या कुडत्यांनाही खिसा आहे का, हे त्यांना विचारायचं होतं, पण त्यांनी ते विचारलं नाही.