ओठ मीट, माय

उदगीरच्या बाजारात, आडत दुकानांच्या रांगेत संगप्पांचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाळू मुलीचा फोटो काढावा तर संगप्पांनीच, असं लोक म्हणत. दात पुढे असलेली मुलगी आली की ते म्हणत, "ओठ मीट, माय. हनुवटी जरा वर." उजेड असा टाकत की काही कळूच नये. उरलंसुरलं कंप्युटरवर निस्तरत. बाजूने मात्र त्यांनी अशा मुलीचा फोटो कधीच काढला नाही. तिथे कारागिरी चालत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि त्यांची एकुलती एक लेक, वर्षाराणी, नेमकी तशीच. वरचे दात पुढे, ओठ सहज मिटतच नसत. ती अकरा वर्षांची असताना शाळेत दातांची तपासणी झाली. डॉक्टरणीने चिठ्ठी दिली, लातूरला दाखवा, उशीर करू नका. संगप्पांनी चिठ्ठी खिशात घातली आणि स्वतःचंच औषध सुरू केलं. "ओठ दाबून धर, दात आपसूक मागं जातात." जेवताना, शाळेत निघताना, पाहुण्यांसमोर, उठता बसता तेच. त्यांची बायको उमाबाई एकदा चिडून म्हणाली, "अवं, पोरीला हसू तरी द्या की!" ऐकतो कोण? पोर बिचारी गुणाची, बापाचं ऐकत गेली. संगप्पांची लेकीवर लई माया होती, म्हणून तर जास्त राग येतो त्यांचा.

गेल्या वर्षी शिरूर अनंतपाळचं स्थळ संगप्पांनीच काढलेला तिचा फोटो पाहून आपणहून आलं. वर्षाराणी चहाचा ट्रे घेऊन वाकली. मुलाच्या आत्याने तिला बाजूने न्याहाळलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "फोटोतली पोरगी कुठं हाय?" मंडळी चहा अर्धवट टाकून उठली.

तेव्हा कुठे संगप्पा लेकीला घेऊन लातूरला गेले. डॉक्टरांनी तिचा बाजूने काढलेला एक्स-रे उजेडावर धरला. "हिच्या ओठात काही खोट नाही. खालचा जबडा मागे राहिलाय. त्यामुळे वरचे दात पुढे दिसतात आणि ओठ जोर लावून मिटावे लागतात. मग हनुवटीला खळगे पडतात. वाढत्या वयात आणलं असतं तर प्लेट लावून बरंच सुधारलं असतं. आता जबड्याचं ऑपरेशनच."



परतीच्या एसटीत संगप्पा म्हणाले, "ऑपरेशन करू, माय."

"कुणासाठी, अप्पा?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मला माझं तोंड कधीच वाईट वाटलं न्हाई. लाज तुम्हालाच वाटायची."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला स्टुडिओत बोलावलं. स्टुलावर बसवलं, पहिल्यांदाच बाजूने. "आता हास. दात दिसू दे. जशी हायेस तशी."

तीही मनापासून हसायला गेली. संगप्पांनी कॅमेरा वर उचलला, तसे तिचे ओठ आपोआप घट्ट मिटले. त्यांनी कॅमेरा खाली घेतला, परत उचलला. परत तेच.

"येत न्हाई, अप्पा," ती म्हणाली. "लई करून बघितलं, येतच न्हाई."