सरासरीत लपलेला हिसका

"यात उभा माणूस कुठे आहे?"

समोर कसलाही कागद ठेवला की सरांचा पहिला प्रश्न हाच. चष्मा कपाळावर सरकवायचा, कागद नाकाजवळ न्यायचा आणि विचारायचं. एकदा कुणीतरी ऑफिसच्या सहलीच्या बसची यादी त्यांच्यापुढे धरली, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. आम्ही हसलो. ते हसले नाहीत. बसमध्ये सगळ्यांना बसायला जागा आहे याची खात्री झाल्यावरच त्यांनी यादी परत दिली.

हडपसरच्या एका आयटी पार्कात, पाचव्या मजल्यावर, आम्ही सातजण परदेशातल्या एका शहराचं काम करत होतो. ते शहर आमच्यापैकी एकानेही पाहिलं नव्हतं. तिथली जमिनीखालची रेल्वे फार जुनी. काही डबे तर माझ्या आईच्या वयाचे. नवे डबे यायला अजून काही वर्षं होती, तोवर जुन्यांवरच भागवायचं होतं.

पण म्हातारपणी सगळे सारखे राहत नाहीत. एकाच कारखान्यातून एकाच वर्षी निघालेले दोन डबे. एकाची मोटार दोनदा बदललेली, दुसऱ्याची चाकं झिजलेली. एक चटकन वेग घेतो, दुसरा अंग मोडत उठतो. असे दोघे एका गाडीत शेजारी जोडले की एक ओढतो, दुसरा अडतो आणि मधल्या जोडाला हिसका बसतो. म्हणून प्रत्येक डब्याचा पिकअप, म्हणजे तो किती चटकन वेग घेतो ते, पाहायचा आणि सारख्या चालीच्या डब्यांचे चार गट पाडायचे, हे आमचं काम. डबे तिकडे धावायचे, आकडे इकडे यायचे. गट पाडायची शीट माझी होती. तपासणीची सही सरांची.

सरांनी सगळी नोकरी विजेवर चालणाऱ्या डब्यांच्या मोटारी दुरुस्त करण्यात काढलेली. निवृत्तीनंतर आमच्या कंपनीने त्यांना सल्लागार म्हणून बोलावलं. घर जवळच, हडपसर गावठाणात, त्यामुळे चालत यायचे. दारावरच्या वॉचमनला "जय भीम" म्हणायचे, आणि लिफ्टमध्ये शिरण्याआधी आत किती माणसं आहेत ते बोटाने मोजायचे. सातवा माणूस दिसला की जिन्याने पाच मजले चढून यायचे. चहा अर्धा कप घ्यायचे. "भरलेला कप म्हणजे घोट संपेपर्यंत काळजी," म्हणायचे. गॅलरीच्या कठड्याला कुणी टेकलं तर त्यांना बोलता बोलता वाक्य विसरायला व्हायचं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. घराला कुलूप लावून तीनदा ओढून बघणारी. आपण त्यांना हसतो, आणि प्रवासाला निघताना किल्ली मात्र त्यांच्याकडेच देतो.

एकदा मी धीर करून विचारलं, "सर, तुमच्या कारखान्यात कधी मोठा अपघात झाला होता का?"

"नाही."

"मग एवढी काळजी?"

"अहो, काळजी करायला आधी कुणी मरावंच लागतं का?" एवढं बोलून ते पुन्हा आकड्यांत शिरले.

मला हे काम नवीन होतं, त्यामुळे एका शनिवारी त्यांनी मला मेट्रोने फिरवून आणलं. मी नारायण पेठेत राहते. मंडईच्या स्टेशनात आम्ही भेटलो. गाडी आली तशी ते आत शिरून मधोमध उभे राहिले आणि मला म्हणाले, "कुठेही धरू नका. आणि आकडे विसरा. पायांना काय कळतं ते बघा."

गाडी सुटली. मला काहीच कळलं नाही.

"बघा!" सरांचा चेहरा एवढा उजळलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. "किती वेग आला? भरपूर. पण आला कसा? विचारून आला. पिकअप किती आहे यापेक्षा तो कसा येतो, हे बघायचं." समोर एक आजी भाजीची पिशवी हातात घेऊन उभ्या होत्या. सर त्यांच्या पायांकडे इतकं टक लावून बघत होते, की शेवटी त्या आजी म्हणाल्या, "काय हो, चप्पल तुमची आहे का?"

ही गोष्ट सांगून मी ऑफिसात सगळ्यांना हसवलं. सर मला काय सांगत होते, ते मात्र माझ्या डोक्यावरून गेलं होतं.

आम्ही फाइल पाठवली तो बुधवार होता. गुरुवारी सकाळी सर माझ्या टेबलाशी आले. काखेत कागदांची गुंडाळी. रात्रभर घरी छापून, एकाला एक चिकटवून केलेली लांबलचक पट्टी. त्यांनी ती माझ्या टेबलावरून शेजारच्या टेबलावर आणि तिथून जमिनीवर उलगडली.

"काल सही केली आणि मग झोप लागेना," ते म्हणाले. "म्हणून सरासरी बाजूला ठेवली आणि प्रत्येक डब्याचा मूळ आलेख काढला. हे दोन बघा."

मी बघितले. दोन्ही डबे माझ्या शीटमध्ये दुसऱ्या गटात होते, कारण दोघांचा सरासरी पिकअप जवळजवळ सारखा होता. पण एकाची रेघ जिन्यासारखी हळूहळू चढत होती. दुसऱ्याची आधी भिंतीसारखी उभी आणि मग सपाट. एक सुटताना सावकाश निघणारा, दुसरा उसळणारा. मी सरासरी काढली आणि ती उसळी तिच्यात बुडून गेली. दोघे एकाच गटात म्हणजे ते खुशाल शेजारी जोडले जाणार.

"असे किती?" मी विचारलं. 

"मला सापडलेत तेवढ्यांवर लाल खूण आहे."

जमिनीवरच्या पट्टीवर लाल खुणा दारापर्यंत गेल्या होत्या.

तुम्हाला खरं सांगते, माझ्या मनात त्या वेळी एकही प्रवासी आला नाही. नोकरी पक्की व्हायला तीन आठवडे उरले होते. घरात मी आणि आई, आणि कमावणारी मी एकटी. मी आवाज खाली आणून म्हटलं, "सर, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. कुणाला कळणार नाही."

सरांनी पट्टी गुंडाळायला घेतली. गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "ते सोमवारपासून नव्या गटांप्रमाणे गाड्या चालवणार आहेत. गाड्या आवृत्तीसाठी थांबतात का?"

मी स्क्रीनवरची शीट बंद केली.

"उद्या दुपारपर्यंत तुम्ही सांगा. नाही सांगितलंत तर मी सांगेन. पण तुम्ही सांगितलेलं बरं."

मला त्यांचा एवढा राग आला! दिवसभर मी त्यांच्या टेबलाकडे पाहिलं नाही. घरी आईने दोनदा विचारलं, काय झालं. मी डोकं दुखतंय म्हटलं. शुक्रवारी सकाळी बसमध्ये मला बसायला जागा मिळाली नाही. स्वारगेटच्या पुढे बस थांबत, सुटत, थांबत होती आणि मी दोन्ही हातांनी दांडा धरून उभी होते. माझ्यापुढे एक गरोदर बाई उभी होती. तिने एक हात पोटावर ठेवला होता, म्हणजे धरायला एकच हात उरला होता. बस सुटली की मी तिच्या त्या एका हाताकडे बघायचे. कुणीतरी तिला जागा दिली तेव्हा मला एकदम रडू फुटलं. लोकांना वाटलं, माझाच पाय कुणीतरी तुडवला.

ऑफिसात पोचल्यावर मी पर्स खांद्यावरून न उतरवताच मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले.

मॅनेजरने सगळं ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. "क्लायंटने काय मागितलं होतं? सरासरी. आपण काय दिलं? सरासरी. मग प्रॉब्लेम कुठे आहे?"

"हिसका बसेल."

"ते त्यांनी बघायचं. तू स्वतःहून चूक लिहून देणार? तुझं कन्फर्मेशन पेंडिंग आहे, माहितीये ना?"

एवढ्यात दार उघडलं. सर होते. ते टकटक न करता आत आलेले मी कधी पाहिले नव्हते. त्यांनी हात पाठीमागे बांधले.

"तपासणीची सही माझी आहे," ते म्हणाले. "शीट यांनी केली, पण ती बरोबर आहे असं मी लिहून दिलंय. चूक माझी आहे. मेल माझ्या नावाने जाऊ दे."

"सर, तुम्ही यात पडू नका," मॅनेजर म्हणाला.

"मी बुधवारीच पडलोय."

मेल गेली, माझ्या आयडीवरून पण सरांच्या नावाने. आम्ही दोघांनी मिळून लिहिली. मॅनेजरने तीनदा वाचली आणि 'चूक' हा शब्द खोडून 'त्रुटी' केला. तिकडे शुक्रवारची सकाळ होती. उत्तर येईल म्हणून सर संध्याकाळी सात वाजेपर्यंत माझ्या स्क्रीनकडे बघत बसले. उत्तर आलं नाही. शनिवारी आलं नाही. रविवारी सकाळी सहाला त्यांचा फोन: "आलं?" नऊला पुन्हा. दुपारी मीच केला, तर पहिल्या रिंगला उचलला.

सोमवारी दोन ओळी आल्या. काम थांबवलं आहे, नवे गट पाठवा, आभार. बस, एवढंच. सरांनी त्या दोन ओळी उभ्याने वाचल्या आणि मग खुर्चीत असे बसले, की मला वाटलं त्यांना चक्कर आली.

पुढचे दोन महिने आम्ही सगळे डबे पुन्हा पाहिले. या वेळी सरासरीच्या शेजारी उसळीचा कॉलम होता. माझी नोकरी तीन महिने उशिरा पक्की झाली. सरांचं कंत्राट मात्र काम संपताच संपलं. "प्रोजेक्टच नाही तर सल्ला कसला," मॅनेजर म्हणाला. निरोपाच्या दिवशी सर भाषण करायला उभे राहिले, माझ्यामागच्या प्लगमधून लोंबणारी वायर त्यांना दिसली, आणि भाषण तिथेच राहिलं.

दिवाळीनंतर ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले होते. मला दहा दिवसांनी कळलं.

त्याच महिन्यात परदेशातून मेल आली. आणखी काही डब्यांचे गट करायचे होते, आणि तिथल्या इंजिनिअर बाईंनी एक अट घातली होती: ज्यांनी आधी चूक कळवली होती त्याच गृहस्थांनी तपासणी करावी. मॅनेजरने मेल मला पाठवली आणि वर लिहिलं, "तूच कळव." सर गेल्याचं मी कळवलं. दुसऱ्या दिवशी बाईंचं उत्तर आलं. ते वाचून मी अर्धा दिवस रजा टाकली आणि गावठाणातल्या सरांच्या घरी गेले.

सरांच्या पत्नीला, काकूंना, मी पहिल्यांदाच भेटत होते. छोटी खोली, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खिडकीला आतून दोन कड्या. मी नाव सांगितलं तशी त्यांनी माझा हात धरला.

"तूच का ती? त्या गुरुवारी जेवले नव्हते गं. म्हणत होते, पोरीने सांगितलं नाही तर मला सांगावं लागेल, आणि सांगितलं तर तिची नोकरी जाईल. पानावर बसले आणि उठले."

 मी फोन काढला आणि बाईंची मेल काकूंना मराठीत सांगितली. बाईंनी लिहिलं होतं: तुमची मेल मी शनिवारी घरी वाचली, तेव्हा आमच्या यार्डात दोन डबे जोडून झाले होते. सोमवारी पहाटे ती गाडी माणसं घेऊन निघायची होती. रविवारी मी स्वतः जाऊन ते डबे सोडवले. त्या गृहस्थांना हे कधी कळवलं नाही, याचं वाईट वाटतं.

काकूंनी पदराने डोळे टिपले.

"बरं झालं नाही कळवलं," त्या म्हणाल्या. "'दोनच होते कशावरून?' म्हणून घर डोक्यावर घेतलं असतं."

आम्ही दोघी हसलो. मग काकूंचं हसू मध्येच थांबलं आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"दोनच होते ना गं?"

मी फोन पुन्हा उघडला आणि ती मेल पहिल्या शब्दापासून वाचायला लागले.