बांधावरचा भात

"बांधावर भात दाखवू नका," हे आमच्या जुन्या तंत्रज्ञांचं ठरलेलं वाक्य. म्हणताना दोन्ही तळवे शेजारी शेजारी धरायचे आणि मधली फट आपल्या डोळ्यांपुढे आणायचे.

एक्स-रे डिटेक्टरच्या खोलीत भात कुठून आला, असं तुम्हाला वाटेल. किहीमजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत मोठा डिटेक्टर बनत होता. एक्स-रेचा प्रखर झोत देणारी अवाढव्य यंत्रं असतात, तिथली चित्रं टिपायला. एवढी मोठी चिप एकसंध होत नाही, छोट्या छोट्या चिप फरशीसारख्या जोडाव्या लागतात. मधल्या फटीत पडलेलं काही दिसत नाही. चित्रात तिथे काळे पट्टे येतात. या तंत्रज्ञांचं घर पाली गावाकडचं, भातशेतीचं. त्यांच्या लेखी चिप म्हणजे खाचर आणि फट म्हणजे बांध.

जोडणी सगळी त्यांच्या हातची. कानटोपी घालून त्या थंडगार खोलीत बसायचे. वातानुकूलन माझ्याकडे, त्यामुळे डाफरायचे माझ्यावरच. "तुझी हवा आज खारी हाय," म्हणायचे आणि जेवताना आपली अर्धी भाकरी माझ्या डब्यात टाकायचे. माझा फार जीव होता त्यांच्यावर.

मग अशाच एका यंत्राकडून पाहणीला पाहुणे येणार असं ठरलं. डिटेक्टर घेऊन त्या यंत्रावर कोण जाणार, तेही तेव्हाच ठरणार होतं. ते आयुष्यभर त्याचसाठी राबले होते. आमचे प्रमुख म्हणाले, "पट्टे भरून टाका. शेजारच्या आकड्यांवरून संगणक भरतो. दिसायला बरं दिसतं."

"साहेब, तिथं काय व्हतं ते आपल्याला ठाऊक न्हाय. एखादा ठिपका नेमका तिथंच पडला असंल तर? काळं ऱ्हाऊ दे."

पाहुण्यांपुढे त्यांनी पट्ट्यांसकट चित्र लावलं. एकाने विचारलं, "बिघाड आहे का?" प्रमुखांचा चेहरा पडला. डिटेक्टर मंजूर झाला, पण सोबत दुसऱ्यालाच धाडलं. यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आमच्यापैकी कुणी तोंड उघडलं नाही.

त्या यंत्रावरचं पहिलं चित्र आलं, तेव्हा मी पालीला जाऊन त्यांना फोनवर दाखवलं. एकही पट्टा नव्हता. ते बोटांनी मोठं करकरून पाहत राहिले.

"सुरेख हाय," म्हणाले. मग हळूच, "पट्ट्यांचं मूळ चित्र ठेवलंय ना जपून?"

मी चौकशी केली. जागा अडते म्हणून पुसून टाकलं होतं. फोन करून त्यांना तसं सांगितलं.

"कापणीला माणसं आलीत," ते म्हणाले. "ठेवतो."

त्यानंतर त्यांनी माझा फोन उचललेला नाही.